जुन्या कॉम्प्युटरचा सातबारा

"घरात जुना डेल आहे. काळा, पंधरा इंची. त्यात रॅम किती चढेल हो?"

या प्रश्नाला सरळ उत्तर देता येत नाही, आणि विचारणाऱ्याला वाटतं की समोरचा टाळतोय. पण काळे, पंधरा इंची डेल कितीतरी प्रकारचे निघाले. नुसतं गावाचं नाव सांगितलं म्हणून तलाठी जमिनीचा कागद काढून देत नाही, त्याला गट नंबर लागतो. कॉम्प्युटरचंही तसंच आहे. झाकणावरचं नाव म्हणजे फक्त गाव. गट नंबर यंत्राच्या पोटावर, बॅटरीखाली किंवा बायोसमध्ये लिहिलेला असतो, आणि तो हाती आला की पुढचे बहुतेक कागद सापडत जातात.

सध्या हा शोध घ्यायची वेळ पुष्कळांवर आली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०ची नियमित अपडेट्स थांबली. विंडोज ११ला टीपीएम २.० आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो. त्यामुळे चांगली चालणारी यंत्रं ऑफिसांमधून बाहेर पडताहेत. कोणी ती मुलांसाठी घेतं, कोणी गावच्या शाळेला देतं, कोणी त्यावर लिनक्स टाकून पाहतं. योग्य रॅम आणि एक एसएसडी मिळाली तर असं यंत्र आणखी काही वर्षं मनापासून काम देतं. ते भंगारात गेलेलं पाहून मला वाईट वाटतं, आणि चुकीचा भाग आणून बसवल्यामुळे गेलं तर जास्तच.

शोधाला बसण्याआधी आपला प्रश्न नेमका कोणता ते ठरवून घ्या. प्रश्न तीन असतात आणि ते एकमेकांत मिसळले की गोंधळ होतो. हे मॉडेल बाजारात कोणकोणत्या रूपांत आलं होतं? माझं यंत्र कारखान्यातून निघालं तेव्हा त्यात काय होतं? आणि आज त्यात काय आहे? पहिल्याचं उत्तर कंपनीच्या माहितीपत्रकात असतं, दुसऱ्याचं यंत्राच्या क्रमांकावरून मिळतं, तिसऱ्यासाठी यंत्र उघडावं लागतं किंवा त्यालाच विचारावं लागतं. दहा-बारा वर्षांत यंत्र तीन हातांतून फिरलं असेल तर फेरफार भरपूर झालेले असतात. कोणी एक रॅम काढून घेतलेली असते, कोणी वायफाय कार्ड बदललेलं असतं, कोणी दुसऱ्याच मॉडेलचं झाकण बसवलेलं असतं.

एकाच नावाखाली किती फरक लपतो, याचं माझ्या आवडीचं उदाहरण म्हणजे लेनोवोचा थिंकपॅड एक्स२२०. २०११चा हा साडेबारा इंची लॅपटॉप आजही जुन्या बाजारात मिळतो आणि लोक तो प्रेमाने वापरतात. याच नावाने साधी स्क्रीनही मिळायची आणि कोणत्याही कोनातून स्वच्छ दिसणारी आयपीएस स्क्रीनही. यूएसबी ३.०चं पोर्ट फक्त आय७ प्रोसेसरच्या यंत्रांत होतं, आय५ वाल्यांत नव्हतं. त्याच्याही आधीचा, २००६चा थिंकपॅड टी६० पाहा. काहींमध्ये कोअर ड्युओ होता, काहींमध्ये कोअर २ ड्युओ. वाचताना एका आकड्याचा फरक, पण पहिला ३२ बिटी आणि दुसरा ६४ बिटी. ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३मध्ये ३२ बिटी यंत्रांसाठी इन्स्टॉलर उरलेलाच नाही. म्हणजे तुमच्या टी६०वर आजचं लिनक्स चढेल की नाही, हे झाकण पाहून कळणारच नाही.

तेव्हा यंत्र उलटं करा आणि लेबलाचा फोनवर फोटो काढा. अक्षरं बारीक असतात, फोटो मोठा करून वाचणं सोपं जातं. लेबलावर पाच-सहा क्रमांक असतात आणि त्यातला आपल्या कामाचा एकच असतो.

डेलच्या यंत्रावर सर्व्हिस टॅग शोधा. तो सात अक्षर-अंकांचा असतो. शेजारी एक्सप्रेस सर्व्हिस कोड नावाचा लांब आकडा असतो. तो वेगळा क्रमांक नाही. टॅगमधले अंक आणि अक्षरं मिळून ३६ चिन्हांची मोजणी धरली आणि तिचं नेहमीच्या दशमान आकड्यात रूपांतर केलं की तोच एक्सप्रेस कोड होतो. टॅग पुसला असेल आणि आकडा शिल्लक असेल तर उलटं गणित करून टॅग परत मिळवता येतो. डेलच्या सपोर्टच्या पानावर टॅग घातला की ते यंत्र मुळात कोणत्या भागांसह निघालं, त्याची यादी समोर येते. वर सांगितलेल्या दुसऱ्या प्रश्नाचं इतकं थेट उत्तर फार कमी ठिकाणी मिळतं.

एचपीच्या बाबतीत प्रॉडक्ट नंबर महत्त्वाचा. त्याच्या शेवटी बहुतेक वेळा 'पीए' ही अक्षरं दिसतील, ती आशिया-प्रशांत भागासाठीच्या यंत्रांची खूण आहे. त्यापुढे '#' हे चिन्ह आणि 'एसीजे' असेल तर ते यंत्र भारतासाठी बनलेलं. लेबल गेलं असेल आणि लॅपटॉप सुरू होत असेल तर एफएन आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबा. एचपीच्या बऱ्याच लॅपटॉपवर माहितीची एक खिडकी उघडते आणि तो क्रमांक त्यात असतो.

लेनोवोच्या थिंकपॅडवर 'टाइप' असं लिहून पुढे चार अंक-अक्षरं आणि मग मॉडेलची अक्षरं असतात. एक्स२२० म्हटलं की ४२८६, ४२८७, ४२९०, ४२९१ असे वेगवेगळे टाइप निघतात. पुढच्या अक्षरांत 'सीटीओ' दिसलं तर ते यंत्र कोणीतरी हवे ते भाग निवडून बनवून घेतलेलं आहे. छापील यादीत त्याचं नेमकं वर्णन मिळणार नाही, आत पाहावंच लागेल.

ॲपलच्या यंत्रांखाली 'ए' पासून सुरू होणारा क्रमांक असतो आणि तो पुष्कळांना पुरेसा वाटतो. तो पुरत नाही. ए१२७८ हा एकच क्रमांक २००८ची अखेर ते २०१२ या काळातल्या सहा वेगवेगळ्या तेरा इंची मॅकबुकांवर आहे. रॅम सगळ्यांत डीडीआर३ असली तरी आधीच्या तिघांत १०६६, २०११च्या दोघांत १३३३ आणि २०१२च्यात १६०० वेगाची. सफरचंदाच्या मेनूतल्या सिस्टिम रिपोर्टमध्ये 'मॉडेल आयडेंटिफायर' वाचा. तिथे 'मॅकबुकप्रो९,२' असं दिसलं तर तो २०१२चा, हे नक्की होतं.

लेबलावरचे फसवे क्रमांकही सांगायला हवेत. 'रेग्युलेटरी मॉडेल' हा सरकारी मंजुरीचा क्रमांक आहे. एचपीवर तो 'टीपीएन' किंवा 'एचएसटीएनएन'ने सुरू होतो, डेलवर 'पी२८एफ' अशा रूपात असतो. सारख्या सांगाड्याच्या अनेक मॉडेलांना तो एकच असतो. भारतात विकलेल्या लॅपटॉपवर 'आर' आणि पुढे आकडे असा भारतीय मानक ब्युरोच्या नोंदणीचा क्रमांकही दिसतो. हे दोन्ही ठळक छापलेले असतात, म्हणून नजर आधी तिकडेच जाते. मीसुद्धा एकदा असा ठळक क्रमांक मॉडेलचा समजून कीबोर्ड मागवला होता. तो आला, पण स्क्रूची भोकं जुळली नाहीत, आणि मालक असलेल्या कॉलेजच्या मुलीला परीक्षेच्या आठवड्यात आणखी पाच दिवस थांबावं लागलं. तेव्हापासून मी लेबलावरचा प्रत्येक क्रमांक कशाचा आहे हे ओळखल्याशिवाय पुढे जात नाही.

लेबल पूर्ण घासून गेलं असेल तर यंत्रालाच विचारा. विंडोजमध्ये विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबून येणाऱ्या चौकटीत इंग्रजीत सलग 'एमएसइन्फो३२' टाइप करा. सिस्टिम मॉडेल, बायोसची तारीख, बोर्डाचं नाव, सगळं एका पानावर येतं. लेनोवोचा टाइप नंबर तिथल्या सिस्टिम मॉडेलमध्ये सापडतो आणि एचपीचा प्रॉडक्ट नंबर सिस्टिम एसकेयू या ओळीत. सीपीयू-झेड हा छोटा मोफत प्रोग्रॅम त्याहून खोल जातो. त्याच्या एसपीडी या भागात कोणत्या खाचेत कोणत्या कंपनीची, किती वेगाची रॅम बसली आहे ते वेगवेगळं दिसतं. हार्ड डिस्क मेलेली असेल तर पेनड्राइव्हवरून चालणारं लिनक्स लावा. तिथे 'इन्क्सी' किंवा 'डीएमआयडीकोड' या आज्ञा हेच काम करतात, डिस्कवर काही न लिहिता.

एखादा भाग विंडोजला ओळखू येत नसेल, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह येत असेल, तर त्याच्या तपशिलात हार्डवेअर आयडी उघडा. त्यात 'व्हीईएन' नंतरची चार चिन्हं उत्पादक सांगतात. ८०८६ असेल तर इंटेल, १०डीई म्हणजे एनव्हिडिया, १००२ म्हणजे एटीआय किंवा एएमडी, १०ईसी म्हणजे रिअलटेक. त्यापुढचा 'डीईव्ही'चा क्रमांक नेमका भाग सांगतो. हे दोन क्रमांक एकत्र शोधले की ड्रायव्हरच्या नावाखाली भलतंच काही उतरवून देणाऱ्या पानांकडे जायची गरज उरत नाही.

क्रमांक मिळाला. आता कागद. कंपन्या एका मॉडेलसाठी साधारण तीन प्रकारचे कागद काढतात आणि त्यांचा उपयोग वेगवेगळा असतो. युजर गाइडमध्ये बटणं आणि सूचना असतात, तपशील थोडा. माहितीपत्रकात ते मॉडेल कोणकोणत्या रूपांत मिळत होतं ते असतं. एचपी त्याला क्विकस्पेक्स म्हणतं आणि लेनोवोकडे पीएसआरईएफ नावाचा संग्रह आहे, ज्यात विक्री थांबलेली मॉडेलंही आहेत. तिसरा कागद म्हणजे दुरुस्तीचं पुस्तक: सर्व्हिस मॅन्युअल, एचपीकडे मेंटेनन्स अँड सर्व्हिस गाइड, लेनोवोकडे हार्डवेअर मेंटेनन्स मॅन्युअल. एकच कागद मिळवायचा असेल तर हा मिळवा. प्रत्येक भागाचा पार्ट नंबर, कुठला स्क्रू आधी काढायचा, कोणता भाग कोणत्या रूपाच्या यंत्रात बसतो, हे सगळं त्यात आकृत्यांसह असतं. ते दुरुस्ती करणाऱ्या माणसासाठी लिहिलेलं असतं, त्यामुळे त्यात जाहिरातीची भाषा नसते. शोधताना मॉडेलचं नाव दुहेरी अवतरणात ठेवून पुढे 'सर्व्हिस मॅन्युअल' आणि 'पीडीएफ' हे शब्द इंग्रजीत लिहा.

कंपनीच नाहीशी झाली असेल तर तिचा वारस शोधा. कॉम्पॅक २००२मध्ये एचपीत गेली. आयबीएमचा पीसीचा धंदा २००५मध्ये लेनोवोकडे आला, म्हणून आयबीएम छाप असलेल्या थिंकपॅडचे कागदही लेनोवोच्या नावाने शोधावे लागतात. तोशिबाचे लॅपटॉप आता डायनाबुक या नावाखाली आहेत. सोनीने वायोचा धंदा २०१४मध्ये विकला. वारसाने जुनी दप्तरं जपली असतीलच असं नाही. २०१९मध्ये इंटेलने आपल्या जुन्या मदरबोर्डांचे बायोस आणि ड्रायव्हर साइटवरून काढून टाकले, तेव्हा आपल्याकडच्या हजारो असेंबल्ड पीसींचा आधार गेला.

अशा वेळी इंटरनेट अर्काइव्हकडे वळायचं. १९९६मध्ये सुरू झालेली ही संस्था वेबची जुनी पानं साठवते आणि २००१पासून ती वेबॅक मशीनमधून कोणालाही पाहता येतात. युक्ती अशी की तिथे मॉडेलचं नाव न घालता, ते पान पूर्वी ज्या पत्त्यावर होतं तो पत्ता घालायचा. पत्ता कुठून मिळणार? जुन्या चर्चांमध्ये लोकांनी दिलेले, आता न उघडणारे दुवे असतात. यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेच्या मागच्या पानावरही असतो. तो मेलेला दुवा वेबॅकमध्ये टाका आणि यंत्र विकलं जात होतं त्या वर्षातली नोंद निवडा. पान उघडतं, कधीकधी त्यावरची पीडीएफही उतरते. वीस वर्षांपूर्वीचा कागद असा समोर आला की मला प्रत्येक वेळी त्या अनोळखी लोकांचे आभार मानावेसे वाटतात, ज्यांनी तो सांभाळला.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ, रॅम किती चढेल. इथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे. कंपनीच्या कागदात एक आकडा, दुसरीकडे दुसरा, आणि तिसऱ्याने प्रत्यक्ष बसवलेला तिसराच. एक्स२२०च्या अधिकृत कागदात ८ जीबी लिहिलं आहे. पण लोक त्यात १६ जीबी बिनधास्त वापरतात. ए१२७८च्या २०११ आणि २०१२च्या यंत्रांनाही ॲपल ८ जीबीच सांगतं, तरी १६ चालते. कारण साधं आहे. कंपनी लिहिते ती मर्यादा त्या दिवशी बाजारात मिळणाऱ्या आणि तिने तपासून पाहिलेल्या रॅमची असते. ८ जीबीची एक पट्टी तेव्हा दुर्मीळ आणि महाग होती, तिची चाचणी झाली नाही, आणि कागद पुढे कोणी सुधारला नाही.

मग खरी मर्यादा कोण ठरवतं? रॅमशी बोलणारा भाग, म्हणजे मेमरी कंट्रोलर. इंटेलने तो कोअर आय मालिकेपासून प्रोसेसरमध्येच घेतला. त्यामुळे आय३, आय५, आय७ असेल तर प्रोसेसरला विचारायचं. इंटेलच्या आर्क नावाच्या संग्रहात प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक घाला, 'मॅक्स मेमरी साइझ' ही ओळ वाचा. एक्स२२०मधल्या आय५-२५२०एमसमोर तिथे १६ जीबी आहे आणि कोडं सुटतं. कोअर २ ड्युओ किंवा त्याआधीचं इंटेल यंत्र असेल तर कंट्रोलर मदरबोर्डवरच्या चिपसेटमध्ये असतो, म्हणून चिपसेटचं नाव शोधायचं. एएमडीने मात्र २००३च्या ॲथलॉन ६४पासूनच तो प्रोसेसरमध्ये घेतला होता.

चिपसेटची मर्यादा ओलांडता येत नाही, तिथे हट्ट कामाचा नाही. टी६०मध्ये इंटेलच्या ९४५ कुळातला चिपसेट आहे. त्यात २ जीबीच्या दोन पट्ट्या बसतात, पण ६४ बिटी प्रणाली टाकली तरी हाताशी साधारण ३ जीबीच येते. वरची जागा इतर भागांच्या पत्त्यांसाठी अडकलेली असते आणि चिपसेटकडे ती दुसरीकडे हलवायची सोय नाही. तिथे चौथ्या जीबीचे पैसे वाचवावेत.

जी४१ चिपसेटची गोष्ट वेगळी, आणि ती आपल्याकडे फार जणांना भोवते, कारण २०१०च्या आसपास सायबर कॅफेपासून शाळांच्या लॅबपर्यंत हे बोर्ड भरपूर गेले. कागद सांगतो ८ जीबी. माणूस ४ जीबीच्या दोन डीडीआर३ पट्ट्या आणतो आणि स्क्रीनवर काहीच येत नाही. दुकानदार म्हणतो रॅम चांगली आहे, आणि ती असतेही. हा चिपसेट २ गिगाबिटपर्यंतच्याच मेमरी चिप ओळखतो. ४ जीबीची पट्टी अशा चिपांनी बनवायची तर सोळा चिप लागतात, दोन्ही बाजूंना आठ-आठ. नंतरच्या काळातल्या ४ जीबीच्या पट्ट्यांवर एकाच बाजूला आठ चिप असतात, म्हणजे प्रत्येक चिप ४ गिगाबिटची, आणि तिथे गाडी अडते. म्हणून जी४१साठी रॅम घेताना पट्टी उलटून चिप मोजा. सोळा नसतील तर घेऊ नका. आधी डीडीआर२ की डीडीआर३ तेही पाहा, कारण जी४१चे बोर्ड दोन्ही प्रकारांत आले होते.

पट्टीवरचं लेबल वाचता आलं की निम्मी फसगत टळते. '२आरएक्स८ पीसी३-१०६००एस' असं असेल, तर २आर म्हणजे दोन रँक, एक्स८ हा चिपचा प्रकार. पीसी३ म्हणजे डीडीआर३. १०६००ला आठने भागा, साधारण १३३३ येतात, तो वेग. १२८००ला भागलं तर १६००. शेवटचा एस म्हणजे लॅपटॉपची छोटी पट्टी. पीसी३च्या पुढे एल असेल तर ती १.३५ व्होल्टवर चालणारी डीडीआर३एल. चौथ्या पिढीच्या इंटेल लॅपटॉपांना हीच लागते, जुनी १.५ व्होल्टची पट्टी खाचेत बसते, पण लॅपटॉप सुरू होत नाही.

असेंबल्ड पीसीला मॉडेल नंबर नसतोच. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत भाग निवडून बनवून घेतलेल्या यंत्राला एमएसइन्फो३२मध्ये विचारलं तर सिस्टिम मॉडेलसमोर बहुतेक वेळा 'टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.' असं दिसतं, म्हणजे ही जागा जोडणाऱ्याने भरायची होती आणि ती कोरी राहिली. घाबरायचं कारण नाही. खाली बेसबोर्डच्या ओळी वाचा. तिथे नाही मिळालं तर कॅबिनेटचं झाकण काढा आणि टॉर्च मारा. बोर्डाचं नाव पीसीआय खाचांच्या मध्ये किंवा रॅमच्या शेजारी मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. गिगाबाइटच्या बोर्डावर एका कोपऱ्यात 'रेव्ह' लिहून १.० किंवा २.० असा आकडा असतो, तो अवश्य टिपा. नाव एकच असलं तरी आवृत्ती बदलली की बायोस बदलतो. जुन्या बोर्डाला दुसऱ्या आवृत्तीचा बायोस भरला तर बोर्ड कायमचा जाऊ शकतो. इंटेलच्या बोर्डावर 'एए'ने सुरू होणारा क्रमांक पांढऱ्या चिकटपट्टीवर असतो, नेमकी आवृत्ती त्यावरून ठरते. प्रोसेसर बदलायचा विचार असेल तर बोर्ड-उत्पादकाची सीपीयू सपोर्ट लिस्ट पाहा. कोणता प्रोसेसर बायोसच्या कोणत्या आवृत्तीपासून चालतो, ते तिथे ओळीने दिलेलं असतं, आणि नवा प्रोसेसर बसवण्याआधी जुन्यावरच बायोस अद्ययावत करून घ्यावा लागतो.

एचसीएल, झेनिथ, विप्रो या आपल्याकडच्या नावांच्या डेस्कटॉपलाही हाच उपाय. डब्यावरच्या नावाने कागद क्वचित सापडतात, पण आतल्या बोर्डाच्या नावाने सापडतात. लॅपटॉप असेल तर बोर्डावरचा छापील क्रमांक पाहा. पुष्कळ ब्रँडांचे लॅपटॉप तैवानच्या मोजक्या कारखानदारांनी बनवले आहेत. 'एलए' आणि पुढे आकडे असतील तर बोर्ड कॉम्पालचा, 'डीए०'ने सुरू होत असेल तर क्वांटाचा. चिप लेव्हलचं काम करणारे कारागीर लॅपटॉपचं नाव विचारतच नाहीत, ते थेट हा क्रमांक विचारतात, कारण सर्किटचा नकाशा त्यावरूनच मिळतो. अशा कारागिराशी ओळख असेल तर जरूर विचारा. त्यांच्याकडे वर्षानुवर्षं जमवलेले नकाशे असतात आणि बहुतेक जण मोकळेपणाने दाखवतात.

नव्वदच्या दशकातल्या बोर्डावर नावसुद्धा नसेल तर सुरुवातीची स्क्रीन वाचा. रॅम मोजली जात असताना पॉजचं बटण दाबलं की पडदा थांबतो. ॲवॉर्ड बायोस असेल तर तळाशी तारखेने सुरू होणारी एक लांब ओळ दिसते. तिच्या शेवटच्या भागात २ए६९के असेल तर चिपसेट इंटेलचा ४४०बीएक्स. त्याला लागून जी० असेल तर बोर्ड गिगाबाइटचा. या खुणांच्या याद्या लोकांनी जमवून ठेवल्या आहेत. द रेट्रो वेब या संग्रहात जुन्या बोर्डांचे फोटो, जंपरच्या जागा आणि बायोस मिळतात. चिपांवरचे चार आकडेही बोलतात: ०८३४ म्हणजे २००८चा चौतिसावा आठवडा. चार-पाच चिपांवरच्या तारखा जुळवल्या की बोर्ड कधीनंतर बनला ते कळतं.

त्याहून मागे गेलात तर वाट उलट सोपी होते, कारण तेव्हा यंत्रं थोडी होती आणि पुस्तकं जाड होती. १९८४-८५मध्ये केंद्र सरकारच्या 'क्लास' योजनेतून देशातल्या शाळांमध्ये बीबीसी मायक्रो आले. एखाद्या शाळेच्या अडगळीत त्यातला एखादा अजून असू शकतो. २ मेगाहर्ट्झचा ६५०२ प्रोसेसर, मॉडेल बीला ३२ केबी रॅम, आणि सोबत आलेल्या पुस्तकात बारीकसारीक तपशील. अशा काळातली पुस्तकं बिटसेव्हर्स आणि इंटरनेट अर्काइव्हवर स्कॅन करून ठेवलेली आहेत. १९७५ ते १९९८ या काळात निघालेल्या बाइट मासिकाचे अंकही पाहावेत. त्यातल्या जाहिरातींमध्येसुद्धा रॅम, डिस्क आणि किंमत ओळीने छापलेली असते.

डिस्क आणि चार्जर यांबद्दल थोडक्यात. एक्स२२०मध्ये ७ मिलिमीटर जाडीची डिस्क बसते, नेहमीची ९.५ मिलिमीटरची बसत नाही. २०१४ ते २०१६च्या बऱ्याच लॅपटॉपांत एम.२ची खाच आहे, पण ती फक्त साटा प्रकारची एसएसडी घेते. तिथे एनव्हीएमई आणली तर ती दिसणारच नाही, म्हणून सर्व्हिस मॅन्युअलमध्ये 'साटा' आणि 'पीसीआयई' हे शब्द शोधून मगच खरेदी करा. आयबीएमच्या टी४३पर्यंतचे थिंकपॅड १६ व्होल्टवर चालतात, टी६०पासून २० व्होल्टवर. डेलच्या चार्जरच्या मधल्या बारीक पिनेतून लॅपटॉपला वॅटची माहिती जाते. ती मिळाली नाही तर बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसरही मंद चालतो. म्हणून नुसती पिन बसली आणि व्होल्ट जुळले एवढ्यावर चार्जर घेऊ नये.

दोन ठिकाणी दोन आकडे मिळाले तर कोणाचं खरं धरायचं? रॅमची कमाल मर्यादा वर सांगितल्याप्रमाणे प्रोसेसर किंवा चिपसेटला विचारायची, बाकीच्यासाठी माझा क्रम असा आहे: आधी दुरुस्तीचं पुस्तक, मग प्रोसेसर किंवा चिपसेट बनवणाऱ्याचा कागद, मग ते यंत्र स्वतः वापरणाऱ्यांनी फोटोसह लिहिलेले अनुभव. खरेदीच्या साइटवरचं वर्णन सगळ्यात शेवटी. ते बहुतेक वेळा एका मॉडेलचं उचलून दुसऱ्याला चिकटवलेलं असतं. आणि कोणाला विचारायला जाताना मॉडेल, टाइप, बोर्डाचं नाव सगळं सांगा, पण सर्व्हिस टॅग किंवा अनुक्रमांक चार लोकांसमोर टाकू नका. वॉरंटी आणि मालकीची नोंद त्याच्याशी बांधलेली असते.

शोध पुरा झाला की पोस्टकार्डाएवढा कागद घ्या. त्यावर पूर्ण मॉडेल आणि टाइप नंबर, बोर्ड आणि त्याची आवृत्ती, प्रोसेसर, रॅमचा प्रकार, आज बसवलेली रॅम आणि खरी कमाल मर्यादा, डिस्कची जाडी आणि प्रकार, चार्जरचे व्होल्ट आणि वॅट, बायोसची आवृत्ती, आणि तारीख लिहा. दुरुस्तीच्या पुस्तकाची पीडीएफ डेस्कटॉपवर ठेवा आणि एक प्रत पेनड्राइव्हवर, कारण यंत्र बंद पडतं तेव्हाच ते पुस्तक लागतं. कागद कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. लॅपटॉप असेल तर पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवा. पुढे काही बदललं तर त्याच कागदावर खाली तारखेसह एक ओळ वाढवा, आणि यंत्र कोणाला दिलंत तर तो कागदही सोबत द्या.